घोड्याजवळ वावरताना : तबेल्यात पहिल्यांदा येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या वाटेवर, द्राक्षबागांना लागून आमचा छोटा तबेला आहे. नऊ घोडे, तीन मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) आणि शिकवायला मी. रविवारी सकाळी मुलांना घेऊन आलेले पालक फाटकातून आत येता येताच जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. यातलं निम्म्याहून जास्त घोड्यावर बसण्याबद्दल नाही, घोड्याशेजारी उभं राहण्याबद्दल आहे. ते मुद्दाम. पडण्याची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून वर बसलेला माणूस जपून असतो. खाली उभा असलेला गप्पा मारत असतो, फोटो काढत असतो. आमच्याकडे झालेल्या बहुतेक दुखापती त्या वेळच्या आहेत.

घोडा लाथ मारतो का? चावतो का?

हो, दोन्ही करतो. पण रागापेक्षा भीतीने जास्त. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. काही खुट्ट झालं की आधी पळायचं आणि मग बघायचं, हे त्याच्या रक्तात आहे. पळायला जागा नसेल तर तो लाथ झाडतो. आमच्याकडचे देशी घोडे साधारण साडेतीनशे किलोचे आहेत. तेवढ्या वजनाने सहज टाकलेलं पाऊलसुद्धा तुमच्या चपलेवर पडलं, तर बोट मोडतं. त्यात घोड्याच्या मनात काहीही वाईट नसतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. घोडा न सांगता क्वचितच काही करतो. तो आधी कानाने सांगतो, मग शेपटीने, मग पायाने. आपण पहिलं आणि दुसरं सांगणं बघत नाही आणि तिसऱ्याला ‘अचानक लाथ मारली’ म्हणतो.

मग ते सांगणं ओळखायचं कसं?

कान बघा. सगळ्यात आधी कान. आमच्याकडे येवल्याच्या घोडेबाजारातून आलेले दोन घोडे आहेत, आणि एक घोडी तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेतली. काठियावाडी आणि मारवाडी घोड्यांचे कान टोकाशी आत वळलेले असतात, टवकारले की टोकं एकमेकांना टेकतात. त्यामुळे नवख्यालाही ते लांबून वाचता येतात.

कान पुढे टवकारलेले : घोडा समोरचं काहीतरी बघतोय. तुम्हीही तिकडे बघा. कान सैल, थोडे बाजूला पडलेले : निवांत आहे किंवा पेंगतोय. एक कान मागे वळवलेला : तो तुमचं किंवा मागचा आवाज ऐकतोय, यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही कान मागे दाबून मानेला चिकटवलेले : तिथून बाजूला व्हा, समजूत घालायला थांबू नका.

शेपटीच्या बाबतीत कुत्र्याचा नियम लावू नका. घोडा शेपटी जोरात आपटतो तेव्हा माशी असते, नाहीतर तो वैतागलेला असतो. मागचा एक पाय नुसता टोकावर टेकलेला असेल, मान खाली आणि खालचा ओठ लोंबत असेल, तर तो आराम करतोय. तोच पाय उचललेला, मान ताठ आणि कान मागे असतील, तर तो इशारा आहे. डोळ्याची पांढरी कड दिसू लागली, नाकपुड्या फुगल्या, तो जोरात फुरफुरला, तर काहीतरी त्याला टोचतंय किंवा घाबरवतंय. आधी ते शोधायचं.

आमची हरणी ही पांढरी घोडी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना दर वेळी मान वळवून तुमच्या कोपराकडे बघते. फक्त बघते. ज्याने त्या बघण्याकडे दुर्लक्ष करून पट्टा एका दमात खेचला, त्याच्या शर्टाची बाही तिने दातात धरलेली आहे. आम्ही तिचा तंग दोन-दोन भोकांनी, मधे तिला चार पावलं चालवून आवळतो. तिने कोणाला धरल्याला आता बरीच वर्षं झाली.

घोड्याजवळ कुठून जायचं?

‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण तुम्ही ऑफिसात ऐकली असेल. तिचा दुसरा भाग शब्दशः खरा आहे. पण पुढूनही सरळ चाल करून जाऊ नका, कारण घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. तुम्ही कौतुकाने कपाळावर हात ठेवायला जाता, तेव्हा तो हात वाटेतच त्याच्या नजरेतून नाहीसा होतो. म्हणून तो मान झटकतो.

खांद्याच्या बाजूने, थोडं तिरकं जायचं. जाताना बोलायचं. ‘काय रे राणा’ म्हणा, नुसतं ‘हो हो’ म्हणा, काहीही चालतं, पण तुमचा आवाज तुमच्या आधी पोचला पाहिजे. घोडे उभ्या उभ्या पेंगतात. डोळे अर्धे उघडे असले तरी तो जागा असेलच असं नाही. पहिला स्पर्श खांद्याला किंवा मानेला, तळहात टेकवून. नुसत्या बोटांच्या टोकांनी केलेला स्पर्श त्याला माशीसारखा लागतो.

मागून जावंच लागलं तर दोनच जागा सुरक्षित आहेत. एक, अगदी चिकटून : हात त्याच्या पाठीवरून पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीवरच्या मांसल भागावर, सरकवत, बोलत, अंगाला अंग लावून जायचं. इतक्या जवळ लाथेला झोक मिळत नाही. दुसरी, घोड्याच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त अंतर, म्हणजे तीन-साडेतीन मीटर. मधली जागा सगळ्यात वाईट, आणि नेमके तिथेच लोक घोळक्याने उभे राहून गप्पा मारतात.

डाव्या बाजूनेच चढायचं, हा नियम कशासाठी?

जुन्या स्वारांची तलवार डाव्या कमरेला असायची. उजवीकडून चढलं तर ती पायात यायची. तलवारी गेल्या, सवय राहिली, आणि बरेच घोडे त्याच सवयीत वाढलेले असतात. आम्ही आमच्या घोड्यांना दोन्ही बाजू शिकवतो. तुम्ही मात्र अनोळखी घोड्याला आधी डावीकडूनच भेटा.

दोर हातात कसा धरायचा?

ज्या दोराने घोडा चालवत नेतात ती बागडोर. ती हाताला कधीही, एक वेढासुद्धा, गुंडाळायची नाही. जास्तीचा दोर नागमोडी घडी करून मुठीत धरायचा, म्हणजे घोड्याने ओढ घेतली तर तो मुठीतून निसटतो.

हे मी पाठ करून शिकवत नाही. माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आजही पूर्ण मिटत नाही. डिसेंबरातली सकाळ होती, थंडीने बोटं बधिर झालेली, म्हणून दोर हाताला गुंडाळून घेतला होता. शेजारच्या बागेत पाखरं हाकलायला चमकी पट्ट्या बांधलेल्या असतात, त्यातली एक सुटून वाऱ्यावर आमच्या रस्त्यावर आली आणि उन्हात चमकली. घोडा एकदाच उडाला. दोन सेकंदांत सगळं संपलं, दोर सोडवायला मला वेळच मिळाला नाही. चूक घोड्याची नव्हती, आणि बागायतदाराचीही नव्हती.

चालवताना घोड्याच्या खांद्याशेजारी चाला, त्याच्या समोर नाही. दार पूर्ण उघडून मगच त्याला आत न्या. अर्ध्या दारात कमरेचं हाड अडकलं की तो पुढच्या वेळेपासून दारातून धावतच जातो. मोकळा सोडताना आधी त्याचं तोंड स्वतःकडे वळवा, मग मोरकी (तोंडात लोखंड नसलेला, डोक्यावर घालायचा पट्टा) काढा आणि तसेच मागे सरका. सुटल्याच्या आनंदात तो दुगाण्या झाडत पळतो, त्या वेळी त्याचं पुठ्ठं तुमच्याकडे नको.

बांधलेल्या घोड्याजवळ काय सांभाळायचं?

घोडा मोरकीने बांधायचा, लगामाने नाही. तोंडात लोखंड असताना त्याने झटका दिला तर जबडा आणि जीभ चिरते. गाठ सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. बांधायचं ते पक्क्या खांबाला. दाराला, मोटारसायकलला किंवा प्लास्टिकच्या खुर्चीला नाही. आणि मानेखालून वाकून पलीकडे जाऊ नका. लहान मुलं हे हटकून करतात.

खूर साफ करताना उकिडवं बसू नका, गुडघे टेकू नका. कंबरेत वाकायचं, म्हणजे मागे उडी मारता येते.

गाजर, गूळ, पाव आणलाय. देऊ का?

आधी विचारा. आम्ही नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचं पोटात गेलं की ते बाहेर यायचा रस्ताच नाही, आणि पोटशूळाने धडधाकट घोडा एका रात्रीत जातो. पाव, वडापाव, लग्नातलं उरलेलं अन्न, कापलेल्या लॉनचं साचलेलं गवत, कांदा, बटाटा यातलं काहीही चालत नाही. हायवेच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर दिसते, तिची थोडी पानंसुद्धा घोड्याला मारू शकतात. आवारात फुलझाडाची फांदी घेऊन येऊ नका. द्राक्षाचा पालाही नको, त्यावर कधी कसली फवारणी झाली हे आपल्याला ठाऊक नसतं.

आम्ही परवानगी दिली तर गाजर लांब उभं चिरून, तळहात पूर्ण सपाट, अंगठा बोटांना चिकटवून पुढे करा. नाकाखालचं घोड्याला दिसत नाही; तो ओठांनी आणि ओठांवरच्या लांब केसांनी चाचपतो. सपाट हातावर तो खाऊ अलगद उचलतो. चिमटीत धरलेलं गाजर आणि बोट यातला फरक त्याला कळायचा मार्ग नाही. दोन घोडे शेजारी असतील तर एकालाच देऊ नका; भांडण त्यांचं होतं आणि मधे तुम्ही असता.

कपडे काय घालायचे?

लांब पँट, थोडी टाच असलेले बंद बूट. टाच ही शोभेसाठी नाही. रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, पाऊल आरपार गेलं आणि स्वार पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. टाच ते पाऊल अडवते. म्हणूनच रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा. सँडल किंवा क्रॉक्स घालून आलेल्याला आम्ही तबेल्याच्या आतही घेत नाही.

ओढणी, स्कार्फ, लोंबते कानातले, अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा. मंगळसूत्र आत खोवून वर पिन लावा. पावसाळ्यात सळसळणारा प्लास्टिकचा रेनकोट आणि घोड्याजवळ फटकन उघडलेली छत्री, दोन्ही टाळा. छत्री फाटकाबाहेर मिटवून आत यायचं.

आमच्याकडे बाइकचं हेल्मेट आहे. ते चालेल ना?

नाही. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं, मानेवर भार देतं आणि कान झाकतं, त्यामुळे शिकवणाऱ्याचं ऐकू येत नाही. सायकलचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही, आणि घोड्यावरून पडताना ती बाजूही आपटू शकते. घोडेस्वारीचं वेगळं हेल्मेट मिळतं. घेताना आत एएसटीएम एफ 1163 किंवा पीएएस 015 असं मानक छापलेलं आहे का ते बघा. मखमलीची नुसती टोपी हेल्मेटसारखी दिसते, पण तिच्यात काही नसतं.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावं. पट्टा न लावता मान हलवली तरी ते डोक्याबरोबरच हलावं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतला थर एकदाच धक्का सोसतो. मे महिन्यात बंद गाडीत हेल्मेट ठेवू नका, उष्णतेने तो थर खराब होतो. आमच्याकडे हेल्मेट मिळतं, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आणि हेल्मेटशिवाय फोटोपुरतंही कोणाला बसवत नाही, मग तो पाहुणा कितीही मोठा असो.

मुलाला किती वर्षांपासून आणावं?

चार-पाच वर्षांचं मूल मोतद्दाराने धरलेल्या घोड्यावर, बाजूला एक मोठं माणूस चालत, दहा-पंधरा मिनिटं बसू शकतं. स्वतः लगाम धरून शिकायला सात-आठ वर्षं. त्या आधी पायांत आणि पाठीत तेवढं बळ नसतं, आणि एका वेळी तीन सूचना लक्षात राहत नाहीत. आई-बाबांनी मुलाला पुढ्यात घेऊन बसायचं नाही. पडताना मोठ्याचं वजन मुलावर येतं.

आवारात मुलांनी धावायचं नाही, किंचाळायचं नाही. पहिल्या दिवशी आम्ही मुलांना बसवतच नाही; एक तास खरारा करायला, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायला, आणि कान बघायला शिकवतो. काही पालक नाराज होतात. तरी हा नियम मी बदलणार नाही.

वजनाची मर्यादा आहे का?

आहे. खोगीर धरून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सत्तर किलो. त्याहून जास्त असेल तर आमचा एक मोठ्या चणीचा घोडा आहे, तोही रोज एकाच फेरीसाठी. पाठ दुखणारा घोडा वाकतो, उडतो. म्हणजे हा प्रश्न तुमच्याही सुरक्षिततेचा आहे.

गरोदरपणात, पाळीत, पाठीचा त्रास असताना?

गरोदरपणात नको. पाळीत तुम्हाला बरं वाटत असेल तर काहीच हरकत नाही, घोड्याला त्याने काही फरक पडत नाही. मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून या.

नाशिकच्या थंडीत घोडे जास्त उड्या मारतात, हे खरं का?

खरं आहे. निफाडकडे पारा एक आकडी झाला की इकडेही घोड्यांच्या अंगात वारं शिरतं. आम्ही त्या दिवसांत स्वारीआधी त्यांना रिंगणात लांब दोरावर पळवून घेतो आणि पहिली वीस मिनिटं सगळ्यांना कदमचालच, म्हणजे नुसतं चालणंच, ठेवतो. नवशिक्यांनी डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊनंतरची वेळ घ्यावी. संक्रांतीच्या आठवड्यात बाहेरची फेरी बंद असते. येवल्यासारखी नसली तरी पतंगबाजी इथेही होतेच, आणि कटलेला पतंग घोड्यासमोर पडला तर तो मांजासकट पायात येतो.

बाहेरच्या फेरीवर कशाची भीती?

ब्लोअरची. द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या मागे फवारणीचं यंत्र लावतात, ते चालू झालं की आवाज आणि धुकं एकदमच येतं. आम्ही फेरीआधी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना फोन करून विचारतो, आणि ते दादा लोक घोडे दिसले की दोन मिनिटं यंत्र बंद ठेवतात. त्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत.

रस्त्यावर एकामागे एक, मधे एका घोड्याचं अंतर. गाडीवाल्यांना विनंती : हॉर्न नको, वेग कमी करा, लांबून जा. उसाजवळ पहाटे घोडा थबकला, एकटक बघत फुरफुरला, तर त्याला टाच मारून पुढे रेटू नका. या भागात बिबट्या आहे, आणि त्याचा वास घोड्याला आपल्या आधी येतो. आम्ही तिथूनच सगळे एकत्र, चालत मागे वळतो. पळवत नाही.

घोडा उधळला तर?

मागे झुकून दोन्ही लगाम ओढत राहिलात तर तो आणखी पळतो. एक लगाम हळूहळू आखडून त्याला मोठ्या गोलात वळवा, गोल लहान करत न्या. ओरडू नका. पडणारच असं वाटलं तर रिकिबीतून दोन्ही पाय काढा, लगाम सोडा, हात पुढे टेकू नका, अंग गोळा करून घोड्यापासून लांब लोळत जा.

कोणी पडलं तर काय करायचं?

सगळ्यांनी घोडे जागच्या जागी उभे करायचे. पडलेल्याला ‘ऊठ ऊठ’ म्हणून ओढायचं नाही. आधी बोलू द्या. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला, तर हलवायचं नाही, 108 ला फोन. डोकं आपटलं असेल आणि उलटी झाली, झोप येऊ लागली, तोच प्रश्न तो परत परत विचारू लागला, तर थेट रुग्णालय.

‘पडला की लगेच परत बसवा, नाहीतर भीती बसते’ असं जुने लोक सांगतात. डोक्याला मार नसेल तर मीही त्याच मताची आहे. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी नाही, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही. मेंदूला एकावर एक बसलेला दुसरा धक्का फार वाईट.

धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का?

हवंच. लीद आणि तबेल्याची माती यात धनुर्वाताचे जंतू असतात. डोस दर दहा वर्षांनी, आणि मळलेली जखम झाली व शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर लगेच. घोडा चावून कातडी फाटली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. रेबीज घोड्यालाही होतो.

लग्नाच्या वरातीत घोडा असतो, तिथे मुलांना जवळ जाऊ द्यावं का?

मागे कधीच नाही. नाशिक ढोल दोन हातांवर वाजतोय, फटाके फुटताहेत, जनरेटरचे दिवे डोळ्यांत, आणि घोडा तासभर जागेवर उभा. तो शांत दिसतो कारण त्याला हलायला जागा नसते. त्याच्या तोंडात काटेरी लगाम दिसला तर तो लावू नये असं सांगा. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या 1965 च्या सरकारी नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे. नवरदेवाला माझं सांगणं एकच असतं : ढोल घोड्याच्या पुढे पंधरा पावलं ठेवा आणि फटाके तुम्ही उतरल्यावर लावा. 2027 च्या सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकीत घोडे असतील, तेव्हाही मुलांना खांद्यावर घ्या आणि घोड्यांच्या मागून गर्दी ओलांडू नका.

तबेला चांगला आहे हे कसं ओळखायचं?

फी विचारण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहा. घोड्यांच्या बरगड्या दिसतात का, खूर चिरलेले आहेत का, पाण्याची टाकी स्वच्छ आहे का ते बघा. तंगाखाली, पाठीवर जखमा आहेत का बघा. शिकवणारा स्वार चढण्याआधी स्वतः तंग तपासतो का, शिकवताना त्याच्या हातात फोन असतो का ते बघा. मोतद्दार जवळ आल्यावर घोडे कान पुढे करतात की मान वळवून कोपऱ्यात सरकतात, हेही बघा. आमच्याकडे आलात तरी हे सगळं बघा, आणि काही खटकलं तर तिथल्या तिथे मला सांगा.

कुत्रा, ड्रोन, फुगे?

तिन्ही फाटकाबाहेर.

पहिल्यांदा कधी येऊ?

सोमवार सोडून कुठल्याही दिवशी, सकाळी साडेसहाच्या वैरणीनंतर. वैरण चालू असताना ठाणांच्या, म्हणजे घोडे बांधायच्या जागांच्या, मधून कोणी जायचं नाही. त्या वेळी सगळ्यात गरीब घोडाही शेजाऱ्यावर कान पाडतो. फाटकाशी थांबून हाक मारा, मोतद्दार मामा येऊन तुम्हाला आत घेतील.